निबंधातल्या चौदा चुका

"दहा आठवडे आमच्या घरात राहायचं, आमचंच खायचं, आमच्याचकडून भाषा शिकायची, आणि त्याच भाषेत चारचौघांत आमचे वाभाडे काढायचे!" धाकट्या सुनेनं पर्स सोफ्यावर आपटली. "आणि चारचौघांत तरी कसलं? चाळीस घरं होती त्या सभागृहात. चाळीस!"

अण्णांना जिना चढून धाप लागली होती. ते आपल्या खुर्चीत बसले. मागून त्यांचा धाकटा मुलगा आला, त्याच्यामागून अक्का. खालून शटर वर सरकल्याचा आवाज आला. म्हणजे थोरली सून घरात न येता तशीच दुकानात गेली होती. कार्यक्रमापायी लाँड्री दुपारभर बंद होती आणि संध्याकाळी न्यायचे कपडे अजून इस्त्री व्हायचे होते.

"बघा, गेल्या खाली," धाकटी म्हणाली. "आग लावायची आणि आपण नामानिराळं राहायचं."

"वहिनीनं कुठं आग लावली?" अक्कानं चप्पल काढत विचारलं.

"मग त्या पोरीच्या डोक्यात हे भरवलं कोणी? मी?"

पाहुणी अजून आली नव्हती. भाषासंस्थेच्या सगळ्या परदेशी विद्यार्थ्यांना निरोपाचा चहा होता, तिथं ती थांबली होती आणि थोरलीची बिट्टीही तिच्याबरोबर राहिली होती. परवा सोमवारी त्यांचं विमान. दरवर्षी ही मुलं दहा आठवड्यांसाठी यायची, एकेका घरात एकेक जण राहायचं, घरात ऐकून ऐकून भाषा उचलायची. शेवटच्या शनिवारी यजमानांपुढं प्रत्येकानं 'माझं इथलं घर' असा निबंध वाचायचा, एवढीच काय ती परीक्षा. आज पहिल्या मुलानं यजमानांच्या मांजरावर लिहिलं होतं. दुसरीनं गच्चीवर. तिसऱ्यानं नुसते आभार मानले होते. चौथी यांची पाहुणी.

"तू फोनवर घेतलंयस ना ते?" धाकट्यानं विचारलं. "लाव बघू परत."

"मी काय हौसेनं घेतलंय? बंद करायचं सुचलंच नाही मला."

तिनं फोन टेबलावर ठेवला. पाहुणीचा आवाज जरासा चिरका, पण एकेक शब्द नीट उचलून ठेवल्यासारखा.

"घरात सहा माणसं आहेत. अण्णा सगळ्यात मोठे. काका दुकानाचे मालक आहे. काकू माझी यजमानीण आहे, असं कागदावर लिहिलं आहे. काकू चांगली आहे, तिनं मला तीनदा सिनेमाला नेली. संस्था म्हणाली, क्रियापदं घरात शिका. म्हणून मी वहीत लिहिलं, कोण काय करतो. काका सांगतात. अण्णा विचारतात. काकू ठरवते. मन्या झोपतो."

इथं सभागृह हसल्याचा आवाज होता. धाकटीनं डोळे मिटून घेतले.

"वहिनी उठते. वहिनी भिजवते, घासते, पिळते, वाळवते, दुमडते, रांधते, वाढते, आवरते. मला एकशेबारा क्रियापद आले. त्यातले नव्वद वहिनीचे. मला ताप आला, तेव्हा आठ दिवस वहिनीनं माझी कपाळ पुसली. सगळे टेबलावर जेवतात, वहिनी नंतर जेवते. मी विचारलं का. सगळे म्हणाले, तिला तसंच आवडतं. मग मी वहिनीला विचारलं. वहिनी म्हणाली, मला कोणी विचारलं नव्हतं. बिट्टी रोज माझ्याकडे माझा भाषा शिकते. ती आता छान बोलते. ती माझ्या देशात आली पाहिजे..."

"बंद कर!" अण्णा ओरडले. आजवर त्यांना कोणी चाळीस घरांपुढं क्रियापदात पकडलं नव्हतं.

वाभाड्यांचं दुःख होतंच. पण धाकटीला धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची. यजमान घराला संस्थेकडून एक जागा मिळायची: घरातल्या एका मुलानं पुढच्या महिन्यात तिकडं जायचं, तिकडच्या घरात दहा आठवडे राहून तिकडची भाषा शिकायची. जाणं-येणं, राहणं सगळं संस्थेचं. धाकटीनं फॉर्मवर आपल्या मन्याचं नाव घातलं होतं. कार्यक्रम संपल्यावर संचालिकाबाई हसत हसत जवळ आल्या आणि म्हणाल्या, "उद्या अकराला तुमच्याकडे येऊन जाते. यादी पाठवायच्या आधी दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत." त्या हसल्या होत्या, म्हणूनच धाकटी घाबरली होती.

आणि आपलं काही चुकलं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. संस्थेच्या चारही मीटिंगांना तीच गेली होती. मन्याची खोली रिकामी करून पडदे तिनं लावले होते. कागदावर तुमचं नाव घालू का, असं तिनं थोरलीला विचारलंसुद्धा होतं, आणि थोरली म्हणाली होती, "मला कुठं वेळ आहे मीटिंगांना जायला? तुझंच घाल." सगळं खरं होतं. फक्त परतीच्या जागेचं तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झालं तेव्हा धाकटीनं ते थोरलीच्या कानावर घातलं नव्हतं. एवढंच कुसळ आत टोचत होतं आणि ते टोचत होतं म्हणून तिचा आवाज चढत होता.

"सोपं आहे," धाकटा म्हणाला. "पोरीला भाषा धड येत नाही. 'नेलं' म्हणायचं तिथं 'नेली' म्हणते. तिला म्हणायचं होतं एक आणि लिहिलं भलतंच. तसं पत्र करू, तिची सही घेऊ, उद्या बाईंच्या हातात देऊ. अक्का, तू तिच्या निबंधातल्या चुका काढून दे. भाषेची मास्तरीण घरात असताना आणखी कोण हवं?"

"मी?"

"घरासाठी एवढं नाही करणार?" अण्णा म्हणाले. त्यांनी खिशातून निबंधाची प्रत काढली. यजमानांना भेट म्हणून दिलेल्या त्या प्रतीला कोपऱ्यात निळी फीत लावलेली होती.

अक्का तो कागद घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिचं घर इथून दोन गल्ल्यांवर, पण माहेरच्या प्रत्येक पेचात ती हजर असायची आणि बहुतेक वेळा भावाच्या बाजूनं. तिनं पर्समधलं लाल पेन काढलं. वीस वर्षं वह्या तपासणारा हात, तो आपोआप चालायला लागला. 'क्रियापद आले'ला गोल. 'माझी कपाळ'ला गोल. 'माझा भाषा'ला गोल. दीड पानात चौदा चुका निघाल्या. लिंगाच्या, वचनाच्या, एक-दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या.

मग तिनं निबंध पुन्हा पहिल्यापासून वाचला, या खेपेला चुका न शोधता.

ओट्यावर थोरलीनं दुपारी झाकून ठेवलेलं जेवण होतं. सगळ्यांचं होतं. अक्का येणार हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, तरी अक्काचंही होतं.

एकवीस वर्षांपूर्वी याच ओट्यापाशी दोघी उभ्या होत्या आणि दोघींच्या हातात एकेक पाकीट होतं. शिक्षक महाविद्यालयाचा प्रवेश. थोरली तेव्हा नवी सून, घरात येऊन पाच महिने झालेली. तिचे गुण अक्कापेक्षा जास्त होते, चांगले सव्वीसनं जास्त. अण्णांनी दोन्ही पत्रं वाचली आणि म्हणाले, "घरात एक बाई हवीच. यंदा अक्का जाईल. सूनबाई पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी बिट्टीची चाहूल लागली. त्याच्या पुढच्या वर्षी धाकट्याचं लग्न निघालं. मग दादा, थोरलीचा नवरा, गेला, दुकानातच, हातात गरम इस्त्री असताना. तेव्हापासून दुकान थोरलीच उघडत होती, थोरलीच बंद करत होती. पुढच्या वर्षाची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. अक्कानंही नाही.

धाकटा दारात आला. "किती निघाल्या?"

"चौदा."

"चौदा! झालं तर मग!"

"चुका चौदा आहेत," अक्का म्हणाली. "खोटं काय आहे, ते तू दाखव."

"तुला चुका काढायला सांगितल्यात."

"काढल्यात ना. बघ." तिनं कागद त्याच्यापुढं धरला. "'वहिनी नंतर जेवते.' यात काय चूक आहे? कर्ता बरोबर, क्रियापद बरोबर. तूच सांग."

धाकट्यानं तो कागद घेतला नाही. बाहेर अण्णांनी पत्र सांगायला सुरुवात केली होती, ते लिहून घ्यायला तो गेला.

दिवेलागणीला बिट्टी आणि पाहुणी आल्या. पाहुणीच्या हातात संस्थेनं दिलेलं फुलांचं छोटं झुडूप होतं. दारात पाऊल टाकताच तिला घरातली हवा कळली असावी. ते झुडूप तिनं हळूच जमिनीवर ठेवलं.

"ये. बस," अण्णा म्हणाले. "तू आज खोटं का बोललीस?"

"खोटं?" पाहुणीनं बिट्टीकडे पाहिलं. "नाही, अण्णा. मी खोटं नाही लिहिलं."

"तुला म्हणायचं होतं की वहिनी आम्हाला मदत करते," धाकटा समजुतीच्या सुरात म्हणाला. "'मदत' हा शब्द राहिला. होतं असं नवीन भाषेत."

पाहुणी विचारात पडली. तिला खरोखर समजून घ्यायचं होतं. "मदत म्हणजे... काम तुमचं, आणि वहिनी थोडा हात लावते?"

"हां! तेच!"

"मग तुम्ही ते काम कधी करता? मी घरी असते तेव्हा नाही केलं. मी शाळेत जाते तेव्हा करता?"

बिट्टीला हसू फुटलं आणि तिनं ते दाबलं नाही.

"दात काढू नकोस!" अण्णा कडाडले. "ही काल आलेली पोर आपल्याला शिकवणार! खोटारडी! घरातलं मीठ खाऊन..." ते धाकट्याकडे वळले. "तुझ्या वहिनीला वर बोलाव."

थोरली वर आली ती पदराला हात पुसत. कपड्यांच्या वाफेनं तिच्या कपाळावरचे केस चिकटले होते. सभागृहात ती शेवटच्या रांगेत बसली होती, आणि निबंध संपल्यावर सगळे मागं वळून तिच्याकडे बघायला लागले, तेव्हा तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तिचा रागही पाहुणीवरच होता, जरासा. झाकली मूठ या पोरीनं उघडली होती.

"वहिनी, हे पत्र आहे," धाकटा म्हणाला. "तुमच्या मागं मागं असते ती, तुमचंच ऐकेल. सही करायला सांगा."

"आई, नको," बिट्टी म्हणाली.

"गप्प बैस." थोरली पाहुणीजवळ गेली. "कर बाळ सही. तू परवा जाशील. मला इथंच राहायचंय."

पाहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ही सही केली, तर मी म्हणते की मला भाषा येत नाही. मला येते, वहिनी. तू शिकवली."

"असू दे. कर."

"मला हे अक्षर नीट नाही वाचता येत. तू वाच ना. मग करते."

गेले दहा आठवडे हेच चाललं होतं. दुकानावरची पाटी, औषधाची बाटली, बसचं तिकीट, काहीही समोर आलं की पाहुणी म्हणायची, वहिनी वाच ना. आणि थोरली बोट ठेवून वाचायची, पाहुणी तिच्यामागून म्हणायची. आत्ताही थोरलीनं पत्र हातात घेतलं आणि सवयीनं पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"'मी खाली सही करणार... असे लिहून देते की... माझे भाषेचे ज्ञान अपुरे असल्याने...'"

"थांबा, वहिनी, वाचायची काय गरज..." धाकटा पुढं झाला.

"'...माझ्या निबंधात चुकीची माहिती आली. माझी सर्व देखभाल यजमानीणबाईंनीच केली. घरात धुण्या-स्वयंपाकासाठी ठेवलेल्या...'" थोरलीचं बोट थांबलं. मग पुढं सरकलं. "'...ठेवलेल्या मदतनीस बाईंच्या बोलण्यावरून माझा गैरसमज झाला.'"

स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभी होती, तिनं चौकट धरली.

"मदतनीस म्हणजे काय?" पाहुणीनं विचारलं. हा शब्द तिच्या वहीत नव्हता.

थोरलीनं तिला प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगितला होता. डाग म्हणजे काय, चुरगळणं म्हणजे काय, कंटाळा आणि थकवा यांत फरक काय. पहिल्यांदाच तिनं सांगितला नाही. तिनं पत्राची घडी घातली, कपड्याची घालते तशी, कोपऱ्याला कोपरा जुळवून. ती घडी तिनं स्वतःच्या कमरेला खोचली.

"उद्या अकराला बाई येणार ना? मग उद्याच बोलू," ती म्हणाली, आणि खाली निघून गेली. बिट्टी आणि पाहुणी तिच्या मागोमाग.

पत्र सांगितलं जात होतं तेव्हा धाकटी मन्याला फोन करायला गच्चीत गेली होती, त्यामुळं तिनंही ते आत्ताच ऐकलं होतं.

"हा शब्द कोणी घातला?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"कुठला?"

"कुठला ते माहितेय तुम्हाला."

"अण्णांनी सांगितलं, मी लिहिलं. एक शब्द तर आहे. बाईंना काय कळणार घरात कोण कोणाचं कोण..."

"मोठ्या दिरांची बायको आहे ती! या घरात माझ्या आधी आलेली!" धाकटीचा आवाज आता वेगळ्याच कारणानं चढला. "उद्या तुम्ही नसलात, म्हणजे मलाही असंच लिहितील? धुण्या-स्वयंपाकासाठी ठेवलेली?"

"तू आता कोणाच्या बाजूनं बोलतेयस?"

"मन्या जायला हवा, हे माझं आहेच. पण असलं लिहून नाही." आणि ती खोलीत जाऊन दार लावून बसली.

खाली दुकानात थोरली प्रेसवर एक काळा कोट दाबत होती. पाहुणी आणि बिट्टी झालेल्या कपड्यांच्या कॉलरला चिठ्ठ्या लावत बसल्या होत्या. थोरलीचा हात नेहमीसारखाच चालत होता, पण कानशिलं तापली होती. मघाशी सभागृहात लाज वाटली होती ती कशाची, हेच तिला आता कळेना. काम केल्याची? वीस वर्षं केलं होतं. काम सांगितलं म्हणून केलं नव्हतं, घर आपलं म्हणून केलं होतं. दादा गेल्यावर तेराव्या दिवशी ती दुकानात उभी राहिली, कारण गिऱ्हाइकांचे कपडे पडून होते आणि धाकट्याला रेशीम कुठलं आणि नायलॉन कुठलं ते कळत नव्हतं. आणि आता या घरात तिला ठेवलेली होती! कोणी? कधी?

काठी टेकत अण्णा खाली आले. पोरींकडे त्यांनी पाहिलं नाही.

"सूनबाई, रागात माणूस लिहून जातो. शब्द खोडून टाकू." ते थोडे थांबले. "बिट्टीला पाठवू आपण. यंदा मन्याला जाऊ दे, फॉर्म भरलाय. बिट्टी पुढच्या वर्षी."

थोरलीनं प्रेस वर उचलली. वाफ भसकन बाहेर आली.

"काय म्हणालात?"

"पुढच्या वर्षी म्हटलं. मी शब्द देतो."

"अण्णा," थोरली म्हणाली, "हाच शब्द तुम्ही मला एकदा दिलाय. तो अजून माझ्याकडेच आहे. दुसरा नको." तिनं कोट काढून हँगरला लावला. "आणि वर जाताना सांभाळून. जिन्यातला दिवा गेलाय. मी बदलेन उद्या."

अण्णा काठी टेकत जिन्याकडे वळले. सूनबाई आपल्याशी असं बोलली, यावर त्यांचा विश्वास बसेना. बोलताना तिनं आवाजसुद्धा चढवला नव्हता.

रविवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना संचालिकाबाई आल्या. गोल चष्मा, काखेत फाईल. बैठकीच्या खोलीत सगळे होते. मन्या इस्त्रीचा शर्ट घालून आईजवळ बसला होता. थोरली दाराजवळ उभी होती. बाईंनी सरकून तिला सोफ्यावर जागा केली, तेव्हा ती बसली.

"गैरसमज झालाय, बाई," धाकट्यानं सुरुवात केली. "मुलगी हुशार आहे, पण भाषा कच्ची. आमच्या बहिणीनं निबंध तपासलाय. शिक्षिका आहे ती. चौदा चुका निघाल्या. दाखव गं अक्का."

अक्कानं निबंध बाईंच्या हातात दिला. "लिंगाच्या आणि वचनाच्या आहेत. पहिल्या वर्षाला हे चालतं. मजकूर मी तपासलाय. मजकुरात चूक नाही. मी या घरातली मुलगी आहे, मला ठाऊक आहे."

"अक्का!" अण्णा म्हणाले.

"बोलू द्या मला. एकवीस वर्षं उशीर झालाय आधीच."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "मला एवढंच हवंय, विद्यार्थिनीची देखभाल कोणी केली? परतीची जागा त्या व्यक्तीनं सुचवलेल्या मुलाला मिळते. नियमच तसा आहे." त्यांनी थोरलीकडे पाहिलं. "तुम्ही सांगाल?"

सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आल्या की थोरलीला मान खाली घालायची सवय होती. तिनं ती घातली. पत्राची घडी तिथंच कमरेला होती, ती टोचली.

"मी केली," ती म्हणाली. एकदा म्हटल्यावर पुढचं सोपं होतं. "डबा मी दिला. तापात मी बसले. शब्द मी शिकवले, चुकीचे असतील ते माझे. जाऊबाईंनी कागदपत्रं केली, मीटिंगा केल्या, तेही खरंय. तेही लिहा. पण मी या घरात ठेवलेली नाही. मी या घरातली आहे." तिनं पत्र काढून टेबलावर ठेवलं. "आणि हे या पोरीकडून लिहून घेणार होते. मीच तिला सही कर म्हणाले. त्याची मला लाज वाटतेय."

बाईंनी पत्र वाचलं. त्यांचे ओठ आवळले गेले. तरी त्या एवढंच म्हणाल्या, "आणि मुलांचं काय? दोघांची नावं घेऊ. पाच मिनिटं दोघांनाही तिच्याशी तिच्या भाषेत बोलू दे."

मन्या आधी उठला. त्यानं पाहुणीला तिच्या भाषेत नमस्कार केला, कशी आहेस विचारलं, मग एक ते दहा आकडे म्हटले. सात विसरला. पाहुणीनं हळूच सांगितला. मग तो आईकडे बघून खाली बसला. धाकटीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याची कीव आली तिला, आणि दहा आठवडे मुलगी शेजारच्या खोलीत असताना हा काय करत होता, याचा संतापही.

बिट्टी उठलीच नाही. बसल्या बसल्याच ती काहीतरी म्हणाली. पाहुणीनं उत्तर दिलं. बिट्टीनं हातवारे करून पुढचं सांगितलं, अडली, वेगळ्या वाटेनं पुन्हा सांगितलं. मग दोघी एकदम हसल्या. खोलीतल्या कोणालाच त्यातलं अक्षर कळलं नाही. पण थोरलीनं आपल्या मुलीला इतकं बोलताना या बैठकीत कधी पाहिलं नव्हतं. बाईसुद्धा हसत होत्या, त्यांना कळत होतं.

बाईंनी फाईल उघडली, एक ओळ खोडली आणि दुसरी लिहिली. "बिट्टी जाईल," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्याच्या चार तारखेला. पासपोर्टचं उद्याच बघा."

त्यांना चहा विचारायचं कोणाला सुचलं नाही. त्या जिना उतरून गेल्या, खालचं दार लागल्याचा आवाज आला आणि अण्णा उसळले.

"झालं तुझ्या मनासारखं? घराची अब्रू गेली, सख्ख्या नातवाच्या तोंडचा घास गेला! आता आणखी काय हवंय तुला?"

हा प्रश्न नव्हता. अशा वेळी सूनबाईनं उठून आत जायचं असतं. थोरली उठली नाही.

"बिट्टीही सख्खीच नात आहे," ती म्हणाली. "आणि काय हवंय ते सांगते. या पोरीला काल तुम्ही खोटारडी म्हणालात. ती उद्या सकाळी जाईल. तिच्या आईवडिलांना जाऊन सांगेल की ज्या घरात राहिले त्यांनी मला खोटारडी म्हटलं. तिची माफी मागा."

"मी? या पोरीची?"

"माझी नको. तिची."

"वहिनी, अण्णांचं वय बघा," धाकटा म्हणाला.

"म्हणूनच बसून मागा म्हणतेय. उठायला नाही सांगितलं."

अण्णांनी लेकीकडे पाहिलं. अक्का नजर न हलवता उभी होती. धाकट्या सुनेकडे पाहिलं. ती मन्याच्या शर्टाची बटणं बघत होती, पण सासऱ्यांच्या बाजूनं ती एक शब्द बोलली नाही. धाकटा एकटा काय तो कासावीस झाला होता. खोलीत मोजून आठ माणसं, आणि अण्णांच्या बाजूनं दीड.

त्यांनी घसा खाकरला. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. खिडकीबाहेर बघत ते पुटपुटले, "बरं. चुकलं."

पाहुणी मन लावून ऐकत होती. तिनं वाट पाहिली. वाक्य अजून पुरं व्हायचंय, असं तिला वाटलं असावं.

"कोणाचं?" तिनं विचारलं.

तिच्या स्वरात कुचेष्टा नव्हती, टोमणा नव्हता. दहा आठवडे तिला वर्गात आणि घरात शिकवलं होतं की वाक्यात कोण ते आधी शोधायचं.

"बोला, अण्णा," अक्का म्हणाली. "अर्धं वाक्य मी मुलांचंसुद्धा धरत नाही."

अण्णांचा चेहरा लाल झाला. काठी त्यांनी एवढ्या जोरानं आपटली, की टेबलावरचं ते पत्र खाली पडलं.

"माझं!" ते ओरडले. "माझं चुकलं! माझं!"

तिसरं 'माझं' म्हणताना त्यांची मान पाहुणीकडून थोरलीकडे वळली होती. थोरली त्यांच्याकडे सरळ बघत होती. तिनं मान खाली घातली नाही. असू दे, अण्णा, असंही ती म्हणाली नाही.